न लागलेली पणती

मुलीच्या नाकात डाळं गेलं आहे, असं आमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ठरवलं. ते डाळं नव्हतं. हे कळेपर्यंत संध्याकाळ झाली.

आम्ही शनिवार पेठेत राहतो. जुना वाडा पाडून उभ्या केलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. नवरा, सासूबाई, मी आणि आमची मुलगी. मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे अंकाचं काम नसतं, त्यामुळे त्या दिवशी मी घरी होते. त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले होते. पहाटे अभ्यंगस्नान झालं. उटण्यानं डोळे चुरचुरतात म्हणून मुलगी रडली. मग सासूबाईंनी तिच्या डोळ्यांत काजळ घातलं, कानामागे तीट लावली आणि नवा फ्रॉक चढवला.

पणत्यांबद्दल आधी सांगायला हवं. आदल्या दिवाळीत गॅलरीच्या कट्ट्यावर तेलाच्या पणत्या होत्या. मुलगी त्यांच्याजवळून गेली आणि तिच्या परकराच्या काठानं पेट घेतला. नवऱ्यानं तो हातानंच विझवला. काठाला एक भोक पडलं, तिला काही झालं नाही. पण त्यानंतर घरात आग नको, असं ठरलं. या वर्षी मी रस्त्यावरच्या पथारीवरून प्लास्टिकच्या पणत्या आणल्या. खाली बटण, वर थरथरणारा पिवळा दिवा. तेल नाही, वात नाही, चटका नाही.

सासूबाईंना त्या पटल्या नव्हत्या. "देवापुढे मी तेलाचीच लावणार," त्या म्हणाल्या. "बाहेर तुमचं प्लास्टिक चालू द्या. लक्ष्मीला फसवायचं तर निदान उंबऱ्याबाहेर फसवा."

दुपारी जेवणं झाली. मुलगी बाहेरच्या खोलीत चिवड्याची वाटी घेऊन बसली होती. चिवड्यातली डाळं वेचून फरशीवर त्यांची रांग लावायची, हा तिचा आवडता उद्योग. शेजारी प्लास्टिकच्या पणत्यांचा ढीग होता. आम्ही दोघी आत भांडी आवरत होतो. नवरा पंख्याखाली झोपला होता.

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. डाव्या नाकपुडीवर बोट होतं.

"नाकात गेलं," ती म्हणाली.

"काय गेलं?"

ती नाक चोळत राहिली.

"डाळं गेलं का?" मी विचारलं.

तिनं मान हलवली.

प्रश्नातच उत्तर होतं. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते उत्तर सगळ्यांनाच पटणारं होतं. फरशीवर डाळ्यांची रांग समोर दिसत होती. सासूबाई म्हणाल्या, "हिच्या बापानं चिंचोका घातला होता. शिंकला, बाहेर आला." त्यांनी तपकीर घ्यावी तसा चिमटीत मिऱ्याचा भुगा घेतला. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. जोरात शिंकण्याआधी माणूस जोरात श्वास आत ओढतो, एवढं मला माहीत होतं.

आमच्या मुलांच्या डॉक्टरबाई सुट्टीला गावी गेल्या होत्या, पण फोन उचलला. त्यांनी क्रमानं विचारलं. श्वास नीट घेते आहे का? रक्त? दुखतंय म्हणते का? डाळंच आहे, हे नक्की?

"हो," मी म्हणाले.

"चिमटा, पिन, कापूस, काही म्हणजे काही आत घालू नका. आत ढकललं जाईल. एक करून बघा." आणि त्यांनी फोनवरच रीत सांगितली. मुलीला मांडीवर घ्यायचं. मोकळी नाकपुडी बोटानं बंद करायची. पापा घेतो तसं तोंड तिच्या उघड्या तोंडावर घट्ट लावायचं आणि एकदाच, झटकन, फुंकर मारायची. हवेला जायला एकच वाट उरते, अडकलेल्या नाकपुडीतून. तिच्याबरोबर वस्तू बाहेर येते.

मी तसं केलं. पहिल्या वेळी मुलगी हसली. दुसऱ्या वेळी रडली. तिसऱ्या वेळी डाव्या नाकपुडीतून थोडं पाणी आलं. ते मी रुमालानं टिपलं. रुमालावर काळसर डाग पडला.

"काजळ आहे," सासूबाई म्हणाल्या. "रडली ना सकाळपासून. डोळ्यातलं नाकात उतरतं."

ते खरंच उतरतं. म्हणून मलाही ते खरं वाटलं. डॉक्टरबाईंना मी "काही आलं नाही" एवढंच सांगितलं. डागाचं सांगितलं नाही, कारण काजळाचं काय सांगायचं?

"मग उद्या सकाळी नाकाच्या डॉक्टरांकडे न्या," त्या म्हणाल्या. "डाळं आहे, एक रात्र गेली तर चालेल. रक्त आलं, वास आला, फार दुखायला लागलं, तर मात्र थांबू नका."

फोन ठेवल्यावर सासूबाईंनी तुपाची वाटी कोमट केली. आमच्या घरात मुलांच्या नाकात दर आठवड्याला तुपाचे थेंब घालतात. नवऱ्याला घातले, त्याच्या बहिणीला घातले, आमच्या मुलीलाही तान्ही असल्यापासून घातले. "सुळसुळीत होईल, आपोआप घसरेल," त्या म्हणाल्या. मुलगी या थेंबांना सरावलेली होती. ती मान मागे टाकून निमूट पडली. दोन थेंब डावीकडे. मग ती झोपली.

ती उठली तेव्हा उन्हं उतरली होती. अर्धी करंजी खाल्ली आणि उरलेली ठेवून दिली. नाकाला हात लावू देईना. उशीच्या अभ्र्यावर पुन्हा तसाच डाग होता, या वेळी जरा मोठा. मी तिच्या तोंडाजवळ वाकले. जळकट वास आला. पण त्या वेळी अख्ख्या पेठेला जळकट वास येत होता. खालच्या चौकात दुपारपासून फटाके चालले होते. मी खिडक्या लावून घेतल्या.

नवरा झेंडू आणि बत्तासे आणायला स्कूटरवरून मंडईकडे गेला. सासूबाईंनी देवापुढे पाट मांडला. दार सताड उघडं ठेवलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्याकडे दार लावत नाहीत. मी प्लास्टिकच्या पणत्या गॅलरीच्या कट्ट्यावर ओळीनं ठेवल्या आणि एकेकीचं बटण दाबत गेले.

एक लागली नाही.

मी ती उलटी केली. खालचं झाकण नुसतं टेकवलेलं होतं, नखानं लगेच निघालं. आतला खळगा रिकामा होता. घड्याळात असतो तसा, शर्टाच्या बटणाएवढा चपटा सेल तिथे असायला हवा होता.

मी आधी फरशीवर शोधलं. मग सोफ्याखाली, चिवड्याच्या वाटीत, फ्रॉकच्या खिशात. इतर पणत्यांची झाकणं उघडून पाहिली, सगळ्यांत सेल होते. मग ती रिकामी पणती घेऊन मी मुलीपुढे बसले. या वेळी प्रश्नात उत्तर घातलं नाही.

"यात काय होतं?"

"चकचक."

"ते कुठंय?"

तिनं डाव्या नाकपुडीवर बोट ठेवलं.

डॉक्टरबाईंना पुन्हा फोन लागला. मी पणतीतल्या सेलचं सांगितलं. पलीकडून आला तो दुपारचा आवाज नव्हता.

"कधीपासून?"

"दुपारपासून."

"आत्ताच्या आत्ता निघा. क्लिनिक नको, मोठं हॉस्पिटल. तो सेल आत बंद नाहीये. ओलाव्यात त्याचा प्रवाह चालू राहतो, लागून असलेलं मांस जळत जातं. नाकातून काही काळं आलंय?"

मी रुमालाकडे पाहिलं. तो अजून ओट्यावरच होता.

"आलंय."

"नाकात काही घातलंत?"

"तूप."

"आता थेंबभर पाणीही नको. निघा."

सासूबाई पाटासमोरून उठून उभ्या राहिल्या होत्या. फोनचा आवाज मोठा होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

नवऱ्याचा फोन लागत होता, उचलला जात नव्हता. रिक्षाच्या ॲपवर चक्र फिरत राहिलं. सासूबाई जिन्यात गेल्या आणि कठड्यावरून वाकून त्यांनी तळमजल्यावरच्या चाचांना हाक मारली. चाचांचं घराणं या पेठेत आमच्या आधीपासूनचं. ते महापालिकेतून कारकून म्हणून निवृत्त झाले आहेत आणि दर दिवाळीला फराळाच्या ताटाची वाट पाहतात. शर्टाची बटणं लावतच ते वर आले.

"रिक्षा मिळत नाहीये," मी म्हणाले.

"लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताला पुण्यात रिक्षा? मिळाली तर त्याचा सत्कार करावा लागेल," ते म्हणाले आणि लगेच खिशातून किल्ली काढली. "चला सूनबाई. वहिनी, तुम्ही थांबा, पूजा करा."

"मी येतेय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी देवापुढची समई हातानं मालवली. बाहेर आल्या, दार ओढलं आणि कुलूप लावलं.

चाचांची गाडी लहान आणि जुनी आहे. मी मागे मुलीला मांडीवर घेऊन बसले, सासूबाई शेजारी. नदीपलीकडच्या हॉस्पिटलला एरवी पंधरा मिनिटांत जाता येतं. गल्लीच्या तोंडाशीच एका दुकानाची पूजा आटोपली होती आणि लोकांनी आडव्या रस्त्यात फटाक्यांची लांब माळ पसरली होती. एकजण उदबत्ती घेऊन वाकला होता. चाचांनी हॉर्न दाबून धरला.

"काका, दोन मिनिटं थांबा की," तो माणूस ओरडला. "लक्ष्मी येतेय!"

चाचांनी काच खाली केली. "माझ्या गाडीतली आधी पोहोचू दे. तुझी नंतर येईल."

तोवर वात पेटली होती. माळ वाजून संपेपर्यंत आम्ही काचा वर करून बसून राहिलो. मुलीनं कानांवर हात घेतले होते. धुरात पुढचं काही दिसत नव्हतं. त्या आवाजात तिच्या नाकातून काळ्या पाण्याची एक रेघ ओठापर्यंत आली. सासूबाईंनी ती पदरानं टिपली. नव्या जरीच्या काठावरचा तो डाग त्या बघत राहिल्या. नंतर त्यांनी तो भाग मुठीत दाबून धरला.

किती तास झाले, याचा हिशोब मी तेव्हा मनात करत नव्हते. मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत होते. नाक बाहेरून अगदी जसंच्या तसं होतं. ते पाहून भीती कमी होत नव्हती, वाढत होती. सुजलं असतं, लाल झालं असतं, तर काय होतंय ते निदान दिसलं असतं.

हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "नाकाचे डॉक्टर घरी गेलेत. दिवाळी आहे ना आज."

"नाकात सेल आहे," मी म्हणाले. "पणतीतला. दुपारपासून."

त्यांच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी दुसरा फोन उचलला आणि मला काही न विचारता आतल्या दाराकडे बोट केलं.

आधी एक्स-रे झाला. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तो पडद्यावर मोठा केला. काळ्या-करड्या छायेत, जिथे नाक असतं तिथे, एक पांढरं शुभ्र वर्तुळ होतं. त्यांनी कडेवर बोट फिरवलं. "नाणं असलं तर कड एकच दिसते. इथे दोन आहेत. सेलच आहे."

नाकाचे डॉक्टर आले ते झब्बा-पायजम्यात. कपाळावर ओलं कुंकू होतं. पूजेतून उठून आले होते, हे उघड होतं. त्यांनी हात धुतले, कपाळाला दिवा बांधला आणि पहिला प्रश्न विचारला.

"शेवटचं काय खाल्लं? कधी?"

"अर्धी करंजी. उठल्यावर."

"म्हणजे भूल देता येणार नाही. पोट रिकामं व्हायला काही तास थांबावं लागेल." त्यांनी नाकपुडी हळूच उघडून आत पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही बदल झाला नाही. मी तो बदल शोधत होते. "थांबायला नको. असंच काढू. धरायला तुम्ही बसता की सिस्टर?"

"मी."

त्यांनी मला कसं धरायचं ते सांगितलं. मुलीला चादरीत हातांसकट गुंडाळलं. तिचे पाय माझ्या गुडघ्यांत. माझा एक हात तिच्या छातीवरून, दुसरा कपाळावर, डोकं माझ्या छातीला टेकवून घट्ट. सिस्टरनी दोन्ही बाजूंनी डोकं धरलं. "ढिलं सोडू नका," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला वाईट वाटेल. तरी ढिलं सोडू नका."

इतक्या जोरानं मी तिला कधी धरलं नव्हतं. सकाळी जे उटणं लावलं होतं त्याचा वास तिच्या केसांना होता. डॉक्टरांच्या हातात बारीक वाकडं टोक असलेली सळई होती. ती आत गेली. मुलगी ओरडली, आणि तिचं ओरडणं मला कानांऐवजी बरगड्यांत जाणवलं. पहिल्या वेळी टोक निसटलं. रक्त आलं. ते शोषून घेतलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांचं मनगट जरासं फिरलं आणि थांबलं. "मागून धरलाय," ते स्वतःशीच म्हणाले आणि हात सावकाश पुढे घेतला.

ट्रेमध्ये टक् असा आवाज झाला.

सेल काळा पडला होता. एका बाजूची कड खरवडल्यासारखी झाली होती. बाहेर आला तेव्हाही तो ओला आणि बुळबुळीत होता. तूप, रक्त आणि ते काळं पाणी. डॉक्टरांनी नाक पुन्हा पुन्हा धुतलं. मग बराच वेळ आत पाहिलं. डावीकडून, उजवीकडून, पुन्हा डावीकडून.

"दोन नाकपुड्यांच्या मध्ये पडदा असतो," ते म्हणाले. "तो डाव्या बाजूनं भाजलाय. उजवी बाजू आत्ता बरी दिसतेय."

"आत्ता?"

"जळणं सेल काढल्या क्षणी थांबत नाही. पडद्याला भोक पडतंय की नाही, ते काही आठवड्यांत कळेल. पडलं तर आत खपल्या धरतात, श्वासाची शिट्टी वाजते. मोठं असलं तर वाढत्या वयात नाकाचा कणा बसू शकतो." त्यांनी कपाळावरचा दिवा सोडला. "पडेलच असं म्हणत नाहीये. पण नाही पडणार, असंही आज म्हणू शकत नाही."

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. पदराची मूठ अजून तशीच होती. "मी तूप घातलं," त्या म्हणाल्या. "त्यानं झालं का?"

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "तुपानं फायदा झाला नाही, आजी. पण जाळलं ते सेलनं. उद्या आणलं असतंत तर मी आज बोलतोय ते बोललोच नसतो."

मी पाठवलेला निरोप वाचून नवरा तेवढ्यात पोहोचला. त्याच्या हातात झेंडूची पिशवी होती. ती त्यानं सोडली नव्हती.

त्यानंतरचे आठवडे मलम, नाक धुणं आणि वाट पाहणं यांत गेले. मुलगी चार दिवसांत विसरली. आम्ही विसरलो नाही. ती झोपली की मी तिच्या श्वासाजवळ कान न्यायचे आणि शिट्टी ऐकू येते का ते ऐकायचे. कधी कधी ऐकू यायची. मग श्वास धरून पुन्हा ऐकायचे, तेव्हा ती नसायची. पंख्याची असायची, कुकरची असायची, किंवा नसायचीच. एकदा उठून मागे पाहिलं तर अंधारात पलीकडे सासूबाई तशाच वाकून बसलेल्या.

प्रत्येक तपासणीला डॉक्टर तेच करायचे. कपाळावरचा दिवा, डावी नाकपुडी, उजवी नाकपुडी. "बघू," म्हणायचे. खपल्या आल्या, गेल्या. संक्रांतीच्या सुमारास ते नेहमीपेक्षा जास्त वेळ डाव्या बाजूनं बघत राहिले. मुलगी आता सरावली होती. ती दिव्याकडे टक लावून बसली होती.

"पलीकडचं काही दिसत नाही," ते म्हणाले.

सासूबाईंनी माझा दंड धरला. "दिसत नाही म्हणजे? वाईट का?"

"दिसलं असतं तर वाईट होतं, आजी. पडदा भरून आलाय. व्रण राहील, वर्षातून एकदा दाखवा. भोक नाही."

बाहेर बाकावर चाचा बसले होते. या सगळ्या फेऱ्यांना त्यांचीच गाडी होती. सासूबाई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या आणि पहिल्यांदाच रडल्या. चाचा समोरच्या भिंतीवरची दवाखान्याची सूचना वाचत राहिले. सासूबाईंचं आटोपल्यावर म्हणाले, "वहिनी, शांतता राखा असं लिहिलंय. तुमच्यासाठीच लावलंय बहुतेक."

पुढच्या दिवाळीत गॅलरीत तेलाच्या पणत्या होत्या, हात पोचणार नाही अशा फळीवर. प्लास्टिकच्या मी टाकून दिल्या. घरातलं घड्याळ, रिमोट, वजनकाटा, मुलीची गाणारी खेळणी, ज्याच्या आत सेल असू शकतो ते सगळं नवऱ्यानं तपासलं आणि झाकणांवर चिकटपट्टी फिरवली. आजही कुणाच्या घरी गेलं की माझी नजर आधी वस्तूंच्या पाठीकडे जाते.

फराळाचं ताट खाली गेलं आणि थोड्या वेळानं चाचा वर आले.

"वहिनी, चिवड्यात डाळं विसरलात."

"विसरले नाही. घातलंच नाही."

"का? त्या बिचाऱ्यानं काय केलं होतं?"

सासूबाई करंज्यांचा डबा लावत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "काही नाही केलं. पण मला ते बघवत नाही."

अजून आमच्या चिवड्यात डाळं नसतं.